साचा नवा, सहपत्र जुने

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या सेगाव या खेड्यात महात्मा गांधी १९३६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस वास्तव्यास गेले. देशविदेशांतून त्यांच्या नावे येणाऱ्या टपालाचा ओघ मोठा होता आणि त्यात एक विचित्र अडचण उभी राहिली. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे रेल्वे स्थानक असलेले मोठे गाव. नामसाधर्म्यामुळे गांधीजींची पत्रे तिकडे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये सेगावचे नाव बदलून 'सेवाग्राम' करण्यात आले. गाव तेच, माणसे तीच; बदलला तो पत्त्यातील एक शब्द.

नाव बदलण्याचा निर्णय एका दिवसात होतो. मात्र ज्यांनी जुना पत्ता आपल्या वहीत उतरवून घेतलेला असतो, त्यांच्या वहीत तो आपोआप बदलत नाही. प्रत्येकाला आपापली वही उघडून तो खोडावा लागतो. टपालाच्या काळातील ही अडचण ई-मेलच्या काळात संपली असेल, असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात ती संपलेली नाही. तिने केवळ जागा बदलली आहे. आता ती कार्यालयांच्या संगणकांत जपून ठेवलेल्या पत्रांच्या साच्यांत आणि त्या साच्यांना कायमच्या जोडून ठेवलेल्या फायलींत दडून बसली आहे.

साचा आणि सहपत्र

कोणत्याही महाविद्यालयात, बँकेत, रुग्णालयात वा व्यापारी पेढीत दररोज त्याच प्रकारची पत्रे वारंवार पाठवावी लागतात. प्रवेशाची माहिती, दरपत्रक, अर्जाचा नमुना, खाते क्रमांक, नियमावली असा मजकूर प्रत्येक वेळी नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच तयार करून ठेवणे सोयीचे असते. यालाच संगणकाच्या भाषेत टेम्प्लेट, म्हणजे साचा म्हणतात. साचा उघडला की विषय, मजकूर, सही आणि सोबतची फाईल हे सारे तयार असते. फक्त पत्ता घालायचा आणि पत्र रवाना करायचे.

पत्रासोबत जाणाऱ्या फाईलला इंग्रजीत अटॅचमेंट म्हणतात. कार्यालयीन मराठीत त्यासाठी 'सहपत्र' हा चांगला शब्द पूर्वीपासून रूढ आहे. ई-मेलला सहपत्र जोडण्याची आज प्रचलित असलेली पद्धत १९९२ ची आहे. त्या वर्षी ११ मार्च रोजी नॅथॅनियल बोरेन्स्टाइन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने चित्र व ध्वनी जोडलेले पत्र पाठवले. नेड फ्रीड यांच्यासमवेत त्यांनी तयार केलेले 'माइम' हे मानक पुढे जगभर स्वीकारले गेले. या पद्धतीत फाईलचे रूपांतर साध्या अक्षरांच्या लांबलचक मालिकेत होते आणि ती मालिका पत्राच्या मजकुरातच गुंफली जाते. त्यामुळे फाईलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. सहपत्र म्हणजे दूर कोठेतरी असलेल्या फाईलकडे दाखवलेले बोट नव्हे. ती त्या फाईलची स्वतंत्र आणि पूर्ण प्रत असते. या विषयातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ एवढ्या एका गोष्टीच्या विस्मरणात आहे.

सात-बाराची प्रत

ग्रामीण महाराष्ट्राशी नाते असलेल्या कोणालाही ही गोष्ट सात-बाराच्या उदाहरणाने पटकन उमगेल. शेतकऱ्याने दहा वर्षांपूर्वी काढलेला सात-बाराचा उतारा घरच्या पेटीत जपून ठेवलेला असतो. दरम्यान वारस नोंद होते, जमिनीची वाटणी होते, कर्जाचा बोजा चढतो किंवा उतरतो. महसूल दप्तरात फेरफार मंजूर होऊन मूळ नोंद बदलते. परंतु पेटीतील कागद जसाच्या तसा राहतो. तो खोटा नसतो, शिळा असतो. तोच घेऊन कोणी बँकेत गेला तर त्याला नवा उतारा आणावयास सांगितले जाते.

साच्यात जोडलेल्या फाईलचे अगदी असेच होते. कार्यालयातील कर्मचारी 'डी' ड्राइव्हवर ठेवलेली अर्जाची मूळ फाईल उघडतो, तीत सुधारणा करतो, ती जतन करतो आणि काम झाले असे समजतो. साच्यात मात्र सुधारणेपूर्वीची प्रत तशीच असते. उद्या सकाळी तो साच्यातून पन्नास जणांना पत्रे पाठवतो तेव्हा पन्नास जणांना जुना अर्ज जातो. पत्रावर आजची तारीख असते, मजकूर ताजा असतो, त्यामुळे कोणालाही शंका येत नाही. शिळ्या कागदाला ताज्या पत्राचा आधार मिळाल्यामुळे ही चूक अधिक फसवी ठरते.

कोठे आणि कसे नडते?

ही चूक किरकोळ वाटली तरी तिचे परिणाम किरकोळ नसतात. विदर्भातीलच काही बदल पाहावेत. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाचे नाव 'राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ' असे झाले. वर्धा जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयांना आपले नामपट्ट, शिक्के, प्रमाणपत्रे आणि अर्जांचे नमुने बदलावे लागणे ओघानेच आले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूरकडून तिकडे गेली. तेथे तर अर्ज कोणाच्या नावे करावयाचा हेच बदलले.

बँकांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक क्षेत्रातील अनेक बँकांचे विलीनीकरण झाले. अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर आंध्र व कॉर्पोरेशन या बँका युनियन बँकेत सामावल्या गेल्या. शाखांचे आयएफएससी कोड पुढे बदलले आणि जुने कोड मुदतीनंतर बंद झाले. ज्या संस्थांच्या पत्रांच्या साच्यात खात्याचा तपशील असलेली फाईल पूर्वीपासून जोडलेली होती, त्यांनी ती न बदलल्यास देयक भरणाऱ्याची रक्कम अडकणार वा परत जाणार, हे उघडच होते.

करांचेही तसेच. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या दरांची फेररचना झाली. सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के, तर ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. हिंगणघाट किंवा आर्वी येथील एखाद्या विक्रेत्याने चौकशी करणाऱ्यांना पाठवावयाच्या साच्यातील दरपत्रक त्या दिवशी बदलले नसेल, तर ग्राहकाला कागदावर जुनाच कर दिसणार आणि दुकानात वाद होणार.

सर्वांत अधिक झळ बसते ती अर्जदाराला. समजा, समुद्रपूर तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीसाठी चौकशीचा मेल पाठवते. तिला तत्परतेने उत्तर येते, सोबत अर्जाचा नमुनाही येतो. ती तो छापते, भरते, सह्या गोळा करते, बसने वर्ध्याला येऊन अखेरच्या दिवशी सादर करते. खिडकीवर तिला सांगण्यात येते की हा नमुना गेल्या वर्षीच रद्द झाला. चूक तिची नसते. तथापि मुदत तिचीच संपते.

दोन प्रकारचे साचे

दुरुस्तीची रीत समजून घेण्यापूर्वी साच्यांचे दोन प्रकार लक्षात घेतले पाहिजेत. कार्यालयांत दीर्घकाळ वापरात असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'आउटलुक' या कार्यप्रणालीचे उदाहरण त्यासाठी उपयुक्त आहे. स्वतःच्या गरजेनुसार पत्राचे फॉर्म रचण्याची सोय तीत 'आउटलुक ९७' या आवृत्तीपासून आहे.

पहिला प्रकार साध्या साच्याचा. पत्र लिहून, फाईल जोडून ते 'आउटलुक टेम्प्लेट' या प्रकारात जतन केले की ओएफटी प्रकारची एक फाईल तयार होते. ही फाईल त्या संगणकावर किंवा कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये राहते. दुसरा प्रकार प्रकाशित फॉर्मचा. यात फॉर्म व्यक्तिगत, एखाद्या फोल्डरच्या किंवा संपूर्ण संस्थेच्या फॉर्म-संग्रहात 'पब्लिश' केला जातो आणि अधिकार असलेला प्रत्येक कर्मचारी तो आपल्या टेबलावरून वापरू शकतो. पहिला प्रकार घरच्या भांड्यासारखा, दुसरा सार्वजनिक पाणपोईसारखा; एकात बिघाड झाला तर एका घराला त्रास, दुसऱ्यात झाला तर साऱ्या गावाला.

साध्या साच्याची दुरुस्ती

प्रथम नवी फाईल पूर्णपणे अंतिम करून घ्यावी. साच्यातील जुने सहपत्र तेथेच उघडून त्यात फेरफार करण्याचा मोह टाळावा. तेथे उघडलेली फाईल बहुधा तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते आणि केलेली मेहनत वाया जाण्याचा संभव असतो. त्यानंतर आउटलुकमध्ये 'न्यू आयटम्स', 'मोअर आयटम्स', 'चूज फॉर्म' या क्रमाने जावे आणि 'युजर टेम्प्लेट्स इन फाइल सिस्टिम' हा पर्याय निवडून साचा उघडावा. जुन्या आवृत्त्यांत हीच सोय 'टूल्स' या यादीतील 'फॉर्म्स'मध्ये होती. साचा उघडल्यावर जुने सहपत्र काढून टाकावे व नवे जोडावे. पत्राच्या मजकुरात जुनी तारीख, जुना दर वा पानांची संख्या राहिली नाही ना, तेही त्याच वेळी वाचून पाहावे.

पुढच्या पायरीवर अनेकांची फसगत होते. नेहमीच्या सवयीने 'सेव्ह' केले तर तो बदल साच्यात न जाता 'ड्राफ्ट्स'मध्ये एक अर्धवट पत्र म्हणून साठतो आणि मूळ साचा जुनाच राहतो. त्याऐवजी 'सेव्ह अॅज' निवडावे, प्रकार 'आउटलुक टेम्प्लेट' ठेवावा आणि जुन्याच नावाने, जुन्याच जागी जतन करून आधीच्या फाईलची जागा घेऊ द्यावी. येथेही एक खाचखळगा आहे. टेम्प्लेट हा प्रकार निवडताच आउटलुक आपणहून त्या संगणकावरील व्यक्तिगत साच्यांच्या फोल्डरकडे वळते. मूळ साचा सामायिक फोल्डरमध्ये असेल आणि हे ध्यानात आले नाही, तर नवा साचा एकाच टेबलावर राहतो आणि बाकीचे सारे जुनाच वापरत राहतात.

अखेरची पायरी चाचणीची. साचा बंद करून पुन्हा उघडावा, त्यातून एक पत्र स्वतःलाच पाठवावे आणि आलेले सहपत्र उघडून पाहावे. या कामाला दोन मिनिटे लागतात. ती वाचवण्याच्या नादात पुढे दोनशे क्षमापत्रे पाठवावी लागू शकतात.

प्रकाशित फॉर्मची दुरुस्ती

प्रकाशित फॉर्मची दुरुस्ती अधिक जबाबदारीची असते. 'डेव्हलपर' या विभागातील 'डिझाइन अ फॉर्म' येथून संबंधित संग्रहातील फॉर्म रचनेच्या अवस्थेत उघडावा लागतो. जुने सहपत्र काढून नवे जोडल्यावर 'प्रॉपर्टीज' या पानावर आवृत्तीचा क्रमांक वाढवून ठेवणे हिताचे असते. कोणाकडे कोणती आवृत्ती आहे हे पुढे त्यावरूनच कळते. मग फॉर्म पुन्हा प्रकाशित करताना नाव आणि संदेशवर्ग पूर्वीचाच ठेवावा. संदेशवर्ग ही फॉर्मची अंतर्गत ओळख असते. नावात एखादे अक्षर जरी वेगळे पडले तरी आउटलुक त्याला दुसरा फॉर्म समजते, आणि संग्रहात नवा व जुना असे दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी नांदू लागतात. कोणता उचलावा हे मग कर्मचाऱ्याच्या अंदाजावर राहते. संस्थेच्या संग्रहात प्रकाशित करण्याचा अधिकार सर्वांना नसतो, त्यामुळे सर्व्हरची व्यवस्था पाहणाऱ्याची अनुमती घ्यावी लागते.

याच पानावर फॉर्मची रचना पत्रासोबत पाठवण्याचा एक पर्याय असतो. त्यावर खूण केली तर पाठवलेले प्रत्येक पत्र आपली रचना स्वतःबरोबर घेऊन फिरते आणि मूळ फॉर्ममधील नंतरच्या सुधारणांशी त्याचा संबंध तुटतो. विशेष कारण नसेल तर ही खूण करू नये.

इतके करूनही एखाद्या टेबलावर जुनेच सहपत्र उमटत राहते. त्याचे कारण बहुधा संगणकाच्या स्थानिक साठ्यात असते. वेग वाढावा म्हणून आउटलुक वापरलेल्या फॉर्मची एक प्रत आपल्याजवळ ठेवते. आउटलुकच्या पर्यायांतील 'कस्टम फॉर्म्स' विभागातून हा साठा रिकामा करता येतो. मात्र जी पत्रे आधीच पाठवली गेली, त्यांतील सहपत्र कोणत्याही उपायाने बदलत नाही. निघालेल्या पत्राला शुद्धिपत्र हाच उपाय असतो.

मराठी मजकुराची अडचण

मराठी सहपत्रांच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी कार्यालयांत निरनिराळ्या फॉन्टमध्ये मजकूर टंकित केला जात असे. तो फॉन्ट समोरच्या संगणकात नसेल तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग दिसते. अनेक साच्यांत असे जुने अर्ज अजूनही असू शकतात. सहपत्र बदलण्याची वेळ आलीच आहे, तर नवा मजकूर युनिकोडमध्ये तयार करून फॉन्टसह पीडीएफ स्वरूपात जोडावा; म्हणजे तो मोबाईलवरही नीट उघडेल.

सहपत्र की दुवा?

फाईल साच्यात कोंबण्यापेक्षा ती एकाच ठिकाणी ठेवून पत्रात तिचा दुवा द्यावा, असा पर्याय आता सुचवला जातो. गुगल ड्राइव्हवर ठेवलेल्या पीडीएफच्या जागी 'मॅनेज व्हर्जन्स' या सोयीने नवी आवृत्ती चढवता येते आणि दुवा पूर्वीचाच राहतो. महिन्यापूर्वी गेलेल्या पत्रातील दुवा आज उघडला तरी आजचाच अर्ज मिळतो. पेटीतील उताऱ्याऐवजी दप्तरातील नोंदच प्रत्येक वेळी पाहण्यासारखे हे आहे.

तथापि हा उपाय सरसकट लागू करणे योग्य नव्हे. निविदा, नोटीस, नियुक्तिपत्राच्या अटी यांसारख्या बाबतींत त्या दिवशी नेमके काय पाठवले होते, हे नंतर सिद्ध करावे लागते. दुव्यामागील मजकूर बदलता येत असेल तर तो पुरावा डळमळीत होतो. तेथे स्थिर सहपत्रच हवे. शिवाय दुवा पाहण्याची परवानगी बाहेरच्या व्यक्तीला दिली आहे की नाही, हे तपासले नाही तर अर्जदाराला बंद दारच दिसते. म्हणून सोपा नियम असा करता येईल : जे वारंवार बदलते त्याचा दुवा द्यावा, जे नोंद म्हणून टिकले पाहिजे ते सहपत्र म्हणून जोडावे.

फॉर्मवर विसंबून असलेल्या संस्थांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. सप्टेंबर २०१७ मधील सुरक्षाविषयक सुधारणेनंतर आउटलुकने अशा फॉर्ममधील आज्ञावली मुळातच बंद ठेवण्यास आरंभ केला. विंडोजसाठीच्या नव्या आउटलुकमध्ये स्वतः रचलेले फॉर्म चालत नाहीत. पूर्वीच्या आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार देण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले असले, तरी जुने फॉर्म दुसरीकडे हलवण्याची तयारी त्यापूर्वीच केलेली बरी.

प्रश्न तंत्राचा नव्हे, नोंदीचा

हे सारे तंत्र एका दुपारी शिकता येते. अवघड असते ते निराळेच : कोणत्या साच्यात कोणती फाईल आहे, हे कार्यालयात कोणालाही ठाऊक नसणे. ज्याने साचा रचला त्याची बदली होते, त्याच्या जागी आलेला कर्मचारी तो केवळ वापरतो. आत काय आहे हे पाहण्याचे त्याला कारणच पडत नाही.

या बाबतीत शासकीय पद्धतीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. नव्या शासन निर्णयाच्या आरंभी 'वाचा' असे लिहून आधीच्या निर्णयांचे क्रमांक व दिनांक दिलेले असतात आणि एखादा निर्णय रद्द होत असेल तर तो अधिक्रमित केल्याचे स्पष्ट नमूद होते. साच्यांसाठीही अशी एका पानाची नोंदवही पुरेशी आहे. साच्याचे नाव, तो कोठे ठेवला आहे, त्यात कोणते सहपत्र आहे, ते कोणत्या तारखेचे आहे आणि ते बदलण्याची जबाबदारी कोणत्या पदाची आहे, एवढे पाच रकाने त्यात असावेत. जबाबदारी व्यक्तीच्या नावे न लिहिता पदाच्या नावे लिहावी, म्हणजे बदली झाली तरी ती टेबलावर कायम राहते. प्रत्येक अर्जाच्या तळाशी 'सुधारित' असे लिहून महिना व वर्ष छापावे. कागद हाती पडताच तो ताजा की शिळा, हे मग अर्जदारालाही कळेल आणि शंका आल्यास फोन करून विचारता येईल.

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. त्यांतील दूरच्या गावातून आलेल्या माणसासाठी कार्यालयाची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि बसभाडे असते. साच्यातील एक फाईल वेळेवर बदलली गेली तर ती फेरी वाचते. ज्या दिवशी मूळ अर्ज, दर किंवा खाते बदलते त्याच दिवशी नोंदवही उघडून साचाही बदलण्याची शिस्त लागली, तर समुद्रपूरच्या त्या विद्यार्थिनीचा अर्ज खिडकीवरून परत येणार नाही.